उरण–पनवेल, साधी गाडी

पहाटे ४

डबा रात्रीच अर्धा भरून ठेवलेला असतो. तांदळाची भाकरी मात्र पहाटेच थापते. रात्रीची भाकरी दुपारपर्यंत चिवट होते. सोबत सुक्या बोंबलाची चटणी आणि कांदा. खाकी गणवेश, छातीवर वाहकाचा बिल्ला, खांद्याला चामड्याची पिशवी. निघताना सुट्ट्या पैशांची पुरचुंडी विसरायची नाही. पहिल्या फेरीला येणारा प्रत्येक जण मोठी नोट पुढे करतो, कारण त्या वेळी एकही दुकान उघडलेलं नसतं.

पहाटे ५

उरण आगार एसटीच्या रायगड विभागात येतं. विभागाचं कार्यालय पेणला. फळ्यावर ड्यूटी बघायची, सही करायची, तिकीट मशीन आणि हिशेबाचं वेबिल ताब्यात घ्यायचं. पिशवीत स्वतःचे पैसे किती, ते वेबिलावर आधी लिहायचं. वाटेत तपासणी पथक चढलं तर तिकिटांचा हिशेब आणि पिशवीतली रोकड त्या आकड्यासह जुळली पाहिजे. तिकडे चालकदादा लॉगशीट घेऊन गाडीभोवती फेरी मारतात, टायर ठोकून बघतात, पाणी आणि ऑइल तपासतात, आवारातच एकदा ब्रेक दाबून बघतात.

मी नोकरीला लागले तेव्हा हे मशीन नव्हतं. हातात तिकिटांची पेटी असायची. तीत वेगवेगळ्या किमतीचे, वेगवेगळ्या रंगांचे गठ्ठे खाचांत बसवलेले. प्रवासी म्हणाला, ‘जासई, एक फुल एक हाफ,’ की डोक्यात टप्पे मोजायचे, दोन-तीन रंगांची तिकिटं जोडून भाड्याची रक्कम जमवायची, चढला कुठे आणि उतरणार कुठे त्या आकड्यांवर चिमट्यानं भोकं पाडायची आणि उरलेले पैसे परत द्यायचे. हे सगळं हलत्या गाडीत, एका हातानं दांडी धरून, पुढचा थांबा यायच्या आत. टप्पा बदलला की प्रत्येक गठ्ठ्याचा शेवटचा क्रमांक वेबिलात चढवायचा. सुरुवातीला माझ्या अंगठ्याला फोड आले, नंतर घट्टा पडला. आता मशीन स्वतः भाडं काढतं, कागदाची पट्टी बाहेर टाकतं, क्यूआर कोडवर पैसेही घेतं. पण आजही कोणी गावाचं नाव घेतलं की टप्पा आधी माझ्या तोंडात येतो, मशीनवर नंतर.

सहा किलोमीटरचा एक टप्पा. २५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं आणि साध्या गाडीचा टप्पा १० रुपये ५ पैशांवर गेला. त्यानंतरचे काही आठवडे मी प्रत्येक फेरीत हेच समजावून सांगत होते.

पहाटे ५.४५

फलाटावर गाडी लागते ना लागते तोच मागच्या बाकाकडे पाट्या सरकू लागतात. करंजा आणि मोऱ्याच्या कोळणी. माल भरती-ओहोटीच्या वेळेनं येतो, गाडी घड्याळाच्या वेळेनं सुटते आणि या दोन वेळा जुळवायचं काम या बायका रोज करतात. मी घंटीच्या दोरीला हात घातला की मागून हाक येतेच, ‘थांब गो बाय, पाटी वर येऊंदे!’ मी थांबते. एक मिनिट उशीर झाला तर वाटेत भरून निघतो. पण पाटी खाली राहिली तर त्या बाईचा दिवस गेला.

वासावरून कुरबूर होते. खिडकीशी बसलेला शर्ट-पँटवाला नाक दाबतो. मी पाटीवर ओलं गोणपाट घालायला लावते, पाणी खाली गळणार नाही ते बघते, सामानाचं तिकीट लागत असेल तर फाडते आणि गाडी सोडते. उरणच्या बाजारातलं वाकटी-बोंबील-करंदी पनवेलच्या दारात सकाळी सातला पोचतं, ते या मागच्या बाकावरून.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. कागदावर ती सवलत आहे, मागच्या बाकावर तो धंद्याचा नफा आहे. पूर्वी दोघी-तिघी मिळून एकीलाच माल देऊन पाठवायच्या, आता प्रत्येक बाई आपली पाटी घेऊन येते. ७५ वर्षांवरच्यांचा प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे. आधार कार्ड दाखवताना म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवशी संकोच होता. आता ते कार्ड हातात धरूनच चढतात.

सकाळी ६.१५

एक घंटी थांबायची, दोन घंट्या निघायची. बोकडविरा, नवघर, पागोटे, करळ, धुतुम, दास्तान फाटा, जासई, गव्हाण फाटा. या रस्त्यावरची गावं अशी जवळजवळ आहेत की मला बाकावर टेकायला मिळत नाही. कंटेनर गोदामांचे सुरक्षारक्षक रात्रपाळी संपवून चढतात आणि बसल्या जागी झोपतात. त्यांना कुठे उतरायचं ते मला पाठ आहे, मीच हलवून उठवते.

दास्तान फाटा आला की नव्या प्रवाशांना मी एवढं तरी सांगते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला याच पट्ट्यात, दास्तान फाटा आणि नवघरच्या परिसरात, जमिनीचा भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील इथल्याच जासईचे. नवी मुंबईसाठी आणि जेएनपीटी बंदरासाठी जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाला पाहिजे, हा हक्क त्या रक्तातून आला. दर वर्षी त्या दोन दिवशी जासई आणि पागोट्याला अभिवादनाचे कार्यक्रम होतात आणि गाडीत उभं राहायला जागा नसते. त्या दिवशी आजोबा नातवाला खिडकीतून जागा दाखवतात.

सकाळी ७

पनवेल स्थानक. नियंत्रकाच्या खिडकीवर नोंद करायची, चहा घ्यायचा, परतीची पाटी लावायची. मुंबई-पुणे आणि मुंबई-गोवा या दोन्ही वाटांच्या गाड्या इथे येतात. त्यामुळे माझ्या गाडीतून उतरलेला माणूस इथून महाड, पेण, पुणे, कुठेही जाऊ शकतो.

लोक मला विचारतात, आता रेल्वे आली ना उरणला? आली. नेरूळ-बेलापूर ते खारकोपर ११ नोव्हेंबर २०१८ ला आणि खारकोपर ते उरण १२ जानेवारी २०२४ ला. सगळा मिळून २७ किलोमीटरचा मार्ग. त्यावर नवघरच्या बाजूलाही एक स्थानक आहे. मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांची त्यानं मोठी सोय झाली, पूर्वी वाशी-बेलापूरला तासन्‌तास बसमध्ये काढणारी मुलं आता वेळेवर घरी येतात. मला त्याचा आनंद आहे. पण ती रेल्वे नेरूळला आणि बेलापूरला जाते, पनवेलला नाही. जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग, विभागाचं पेण, तिकडेही नाही. उरण तालुक्याला लागणारा मोठा दवाखाना, मोठा बाजार आणि पुढची एसटी या तिन्ही गोष्टी पनवेलला आहेत. रेल्वेनं जायचं तर बेलापूरला उतरून गाडी बदलायची, जिने चढायचे, उतरायचे. मागच्या बाकावरची पाटी ते करू शकत नाही. डायलिसिसला निघालेला माणूसही नाही.

सकाळी ८.३०

परतीच्या फेरीत बंदराची माणसं असतात. कस्टम एजंटांचे कारकून, गोदामांचे सुपरवायझर, जेएनपीटी वसाहतीत कामाला येणाऱ्या बायका. त्यानंतरच्या फेरीत मुलं. फुंड्याच्या वीर वाजेकर महाविद्यालयाची, उरणच्या शाळा-कॉलेजांची. पासवाल्या मुलांमुळे उत्पन्नाचा आकडा वाढत नाही, पण गाडी भरते. शाळेत जाणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे. मी एवढंच बघते की मुली आधी चढल्या का आणि फुटबोर्डवर कोणी लटकत नाही ना. या रस्त्यावर बसच्या डाव्या अंगाला ट्रेलर येतो, फुटबोर्डवरचं पोर त्याला दिसत नाही.

सकाळी १०.३०

आता रस्त्याची वेळ येते. बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. १९९९ मध्ये देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल इथे आलं, नंतर एकामागून एक वाढत गेली. २०२४-२५ या वर्षात वीस फुटी पेट्यांच्या हिशेबानं ७३ लाख पेट्या इथून हलल्या. काही रेल्वेनं जातात, पण बहुतेक पेट्यांची वाट हीच, माझ्या गाडीची. गेट अडकलं, कागद अडले, पाऊस पडला, कुठे एखादा ट्रेलर आडवा झाला, की रांग मागे मागे सरकत जाते. रस्ता रुंद झाला, करळला उड्डाणपूल झाले, तरी कडेला उभ्या ट्रेलरांनी एक मार्गिका खाल्लेली असते. कोंडीच्या दिवशी सगळ्यात आधी अडकते ती एसटी, कारण तिला कडेनं जायचं असतं, थांब्यावर थांबायचं असतं.

चाळीस फुटी पेटी घेतलेला ट्रेलर डावीकडे वळतो तेव्हा आधी उजवीकडे सरकतो आणि मग डावीकडे कापतो. बाजूच्या वाहनाला वाटतं, जागा मिळाली. तिथेच दुचाकीवाले घुसतात. असं वळण आलं की मी पुढच्या दरवाजात येते, दांडी घट्ट धरते, मान बाहेर काढून मागचं चाक आणि डावी बाजू बघते. ट्रेलरचं मागचं चाक रस्त्याच्या कडेकडे येत असेल तर हात आडवा करून ओरडते, ‘दादा, थांब!’ चालकदादा त्या हाकेवर ब्रेकवर पाय ठेवतात, आरशात बघायला जात नाहीत. ट्रेलरचं शेपूट निघून गेलं, मागून दुचाकी आली नाही, की मी म्हणते, ‘डावी मोकळी, चल.’ हे कुठल्याही प्रशिक्षणात असं शिकवलेलं नाही. या रस्त्यावर आधी नोकरी केलेल्यांनी आम्हाला शिकवलं, आम्ही नव्यांना शिकवतो. ट्रेलरचा चालक वाईट नसतो. तोही उत्तर प्रदेशातून, राजस्थानातून आलेला, दोन रात्री जागा असलेला माणूस असतो. त्याला रांगेतून बाहेर पडून पाणी प्यायलासुद्धा जागा नसते. दोष आखणीचा आहे. एवढ्या पेट्या येणार हे माहीत होतं, त्या उभ्या कुठे राहणार ते आधी ठरायला हवं होतं.

माझं माहेर नवीन शेवा. शेवा गावातली कुटुंबं बंदरासाठी हलवली, शेतकऱ्यांचं नवीन शेवा झालं आणि कोळ्यांचा हनुमान कोळीवाडा उरणजवळ वसवला. त्या कोळीवाड्याच्या घरांना वाळवी लागली आणि पुन्हा नीट पुनर्वसन व्हावं म्हणून त्या लोकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. माझे वडील बंदराकडे बघून बोट दाखवायचे, पण कुठल्या क्रेनखाली आमचं घर होतं ते त्यांनाही नक्की सांगता यायचं नाही.

दुपारी १२

डबा उघडायचा. जेवताना विषय निघतो तो नेहमीचा, एसटी टिकणार का? मी जुनी गोष्ट सांगते. पहिली एसटी १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला गेली. महामंडळ १९६१ ला झालं. त्या वेळी आमचा जिल्हा कुलाबा होता, १ जानेवारी १९८१ ला तो रायगड झाला. उरणचा माणूस तेव्हा मुंबईला जायचा तो पाण्यावरून, मोऱ्याहून लाँचनं भाऊच्या धक्क्याला. आजही जातो. पण मोठी ओहोटी असली की मोऱ्याला गाळामुळे लाँच लागत नाही. १९७३ ला वाशीचा खाडीपूल झाला आणि मुंबईची रस्त्याची वाट जवळ आली. त्यानंतर ओएनजीसीचा प्रकल्प, बोकडविऱ्याचं वायू विद्युत केंद्र, मग बंदर. प्रत्येक वेळी रस्त्यावर नवी वाहनं वाढली आणि प्रत्येक वेळी गावातल्या माणसाला गावातून बाहेर काढणारं वाहन एसटीच राहिलं.

मोठा घाव बसला तो संपाचा. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. तेवढ्या महिन्यांत लोकांनी दुसऱ्या सवयी लावून घेतल्या. मुलांनी हप्त्यानं मोटारसायकली घेतल्या, फाट्याफाट्यावर सहा आसनी रिक्षा आणि खासगी गाड्या उभ्या राहू लागल्या. त्यातले सगळे प्रवासी परत आले नाहीत. ज्यांच्या घरी पोरगा मोटारसायकलवरून घसरला, ते मात्र आले, आणि आता सोडत नाहीत.

दुपारी १.१५

शेवटची फेरी. चिरनेरकडची माणसं दास्तान फाट्यावर गाडी बदलतात. २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह चिरनेरचाच, त्यात गोळ्या लागून आठ सत्याग्रही गेले. गव्हाण फाट्यावर न्हाव्याची माणसं उतरतात. चिर्ल्याजवळ अटल सेतूचे खांब दिसतात. २१.८ किलोमीटरचा पूल, १२ जानेवारी २०२४ ला, रेल्वेच्याच दिवशी, त्याचं उद्घाटन झालं. नवी मुंबईहून मुंबईला जाणाऱ्या काही बसही त्यावरून धावतात. पुलावर दुचाकी आणि तीनचाकी चालत नाहीत. म्हणजे पायथ्याच्या गावात ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांच्यातल्या बहुतेकांना पूल नुसता दिसतो.

त्याच रांगेत नवी मुंबईचा विमानतळ. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. त्यासाठी दहा गावं उठली. विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून १० जून २०२१ ला मानवी साखळी झाली, तेव्हा आमच्या गाडीतली निम्मी माणसं त्या साखळीत उभी होती.

पूल, रेल्वे, विमानतळ, बंदर, सगळं आमच्याच जमिनीवर झालं आणि आम्हाला त्याचा अभिमानही आहे. पण ते सगळं इथून दुसरीकडे जायला बांधलेलं आहे. धुतुमहून पागोट्याला जायचं असेल, नवघरहून जासईला लग्नाला जायचं असेल, जासईच्या म्हातारीला पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात पट्टी बदलायला जायचं असेल, तर त्यासाठी हीच साधी गाडी आहे.

दुपारी २.४५

आगारात परत. मशीन जोडून अहवाल काढायचा, वेबिल पुरं करायचं, रोकड मोजायची. मळकट दहाच्या, वीसच्या नोटा एका बाजूला लावायच्या, नाणी ढिगानं. मोबाईलवरून आलेले पैसे वेगळे. एका रुपयाचा फरक आला तरी पुन्हा मोजायचं. कमी भरलं तर स्वतःच्या खिशातून. खिडकीवर पैसे भरून पावती घेतली की ड्यूटी सुटली. माझ्या जागी दुसरा वाहक पिशवी अडकवून उभाच असतो. गाडी तीच, चालक नवा. करळला आज रांग किती होती, एवढंच मी त्याला सांगते. तेवढ्यावर तो आपली दुपार ओळखतो.

संध्याकाळी ६

बाजार करून घरी जाताना मी याच मार्गाची प्रवासी असते. तेव्हा कळतं, थांब्यावर उभं राहणं म्हणजे काय. धुळीत, ट्रेलरच्या उजेडात, पाठीशी बंद गोदाम. कुठून गाडी येते ते नीट दिसत नाही. बायका एकमेकींना धरून उभ्या राहतात. गाडी येईल की नाही याची खात्री नसेल तर माणूस पुढे उभ्या असलेल्या खासगी गाडीत बसतो, आणि मग कागदावर लिहिलं जातं की प्रवासी नाहीत. प्रवासी आहेत. मी रोज त्यांची तिकिटं फाडते.

म्हणून या भागातले लोकप्रतिनिधी, बंदराचे आणि रस्त्याचे अधिकारी, जे कोणी हे वाचतील त्यांना माझी विनंती आहे. ज्या फाट्यांवर निवारा नाही तिथे छप्पर आणि दिवा द्या. थांब्याच्या आधी आणि नंतर ट्रेलर उभा करू देऊ नका, तेवढी जागा बसची म्हणून आखून द्या. रेल्वेच्या गाड्यांच्या वेळा बघून स्थानकाच्या दारातून गावांकडे फेऱ्या सोडा. आणि उरण-पनवेल पट्ट्यातल्या माझ्या माणसांनो, फेरी वेळेवर आली नाही तर खासगी गाडीत बसण्याआधी आगारात येऊन नियंत्रकाच्या नोंदवहीत तक्रार लिहा. फेरी चालू ठेवायची की बंद करायची हे आकड्यांवरून ठरतं, आणि तुमचा आकडा तिकिटावर किंवा त्या वहीत असला तरच धरला जातो.